वस्तादांचा फोन

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण आमच्या अण्णाच्या पाठीमागे उभं राहायचं तर ब्रह्मराक्षसालाही रांगेत थांबावं लागेल, एवढी तिथं गर्दी आहे. कुत्रं, इंजेक्शन, वीज कडाडणं, उंच जिना, खाकी टोपी, शिक्का मारलेला कुठलाही कागद, या सगळ्यांना अण्णा भितो. विजापूर वेशीतला रस्ता ओलांडताना साठीला आलेला हा माणूस माझा हात धरतो. मी त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी धाकटी. पंचवीस वर्षं महापालिकेच्या शाळेत पोरांवर डाफरून माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो. माझे यजमान होते तेव्हा म्हणायचे, "दानम्मा, तुमच्या घरात भाऊ कोण आणि बहीण कोण, एकदा ठरवून घ्या."

अण्णा सगळ्यात जास्त भितो तो फोनला. घंटी वाजली की त्याच्या हातातलं काम थांबतं आणि तो माझ्याकडं बघतो. "दानम्मा, बघ गं कोण हाय." कुणाला आपणहून फोन लावायचा असेल तर आधी तोंड धुऊन येतो. त्याच्या व्हॉट्सॲपवरचे निरोपसुद्धा मीच वाचून सांगते. पाहुण्यांसमोर मी यावरून त्याची इतकी टर उडवली आहे की माझी लेक अक्षता लहानपणी मामाची फोनवरची नक्कल करून दाखवायची आणि आम्ही पोट धरून हसायचो. अण्णाही हसायचा. वीस वर्षं हसत होता.

त्याचं नाव गुरुशांत. सोलापुरातल्या कसब्यात आमची पिठाची गिरणी आहे, ती घराला लागूनच, वर एक भाड्यानं देण्याची खोली. वहिनी गेल्यावर मी आणि अक्षता त्याच्याकडेच राहायला आलो. दिवसभर तो गिरणीवाला. संध्याकाळी सहानंतर मात्र तो आमच्या गल्लीच्या तरुण मंडळाचा लेझीमचा वस्ताद, तीस वर्षांपासून. हलगी सुरू झाली की त्याच माणसाच्या अंगात काय संचारतं कोण जाणे. भल्या दांडग्या पोरांना "पाय हायत का फावडी बे?" म्हणून झापतो, आणि ती पोरं मान खाली घालून पुन्हा पहिल्यापासून ठेका धरतात. गणपतीच्या आधी महिनाभर सराव चालतो. बत्तीस खेळाडू, म्हणजे सोळा जोड्या. प्रत्येकाची जोडी ठरलेली असते. एकानं लेझीम खाली नेली की समोरच्यानं वर उचलायची. जोडी नसेल तर ओळीत उभंच राहता येत नाही.

यातली अर्धी पोरं बाहेरगावची. कुणी मंगळवेढ्याकडचं, कुणी अक्कलकोटकडचं, शिकायला आलेली, खोली करून राहणारी. त्यांचे आईबाप सहजी सोडत नसत. म्हणून अण्णानं सुरुवातीलाच एक रीत पाडली. पोरगं मंडळात आलं की तो स्वतः त्याच्या बापाला भेटायचा आणि म्हणायचा, "पोरगं माज्या शब्दावर हाय. काय वावगं झालं तर पहिला फोन माजा येईल." वहीत बापाचा नंबर लिहून घ्यायचा. आमच्या मंडळात कुणाला मारत नाहीत की काढून टाकत नाहीत. शिक्षा एकच, वस्तादांचा फोन. दारू, गुटखा, मारामारी, काहीही असो, मंडळाच्या पत्र्याच्या शेडसमोर सगळी पोरं जमणार आणि वस्ताद सगळ्यांच्या देखत बापाला फोन लावणार, म्हणजे कमीजास्त सांगितलं असं कुणी म्हणायला नको. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं बाप हजर. गल्लीतल्या बायका बिनघोर पोरं पाठवायच्या त्या या फोनच्या भरवशावर. फोन करायचा असला की अण्णा आदल्या दिवसापासून जेवायचा नाही. मला वाटायचं, भित्रा आहे, दुसरं काय.

दोन वर्षांपूर्वी बिरप्पा आला. सांगोल्याकडच्या एका वस्तीवरचा धनगराचा पोरगा, फार्मसीला. आमची वरची खोली त्यानंच घेतली. बाप जोतिराम मेंढरं राखतो, थोडी कोरडवाहू जमीन. बिरूला सोडायला आला तेव्हा त्यानं अण्णासाठी घोंगडं आणलं होतं आणि पोराकडं बघून फक्त एवढं म्हणाला होता, "शिकू द्या त्याला, वस्ताद. आमाला काय कळत न्हाय." पोरगं लाघवी. मला बाई म्हणायचा आणि माझ्याच चुका काढायचा, "बाई, फोनवर एवढं वरडून का बोलताय, त्यो माणूस तसाबी ऐकतोयच की." लेझीम त्यानं आठवड्यात उचलली. शहाजी नावाच्या बार्शीकडच्या पोराशी त्याची जोडी लागली आणि दोन वर्षं ती दोघं समोरासमोर उभी राहिली की सराव बघायला आलेल्या बायासुद्धा बोलायच्या थांबत.

श्रावण संपत आला होता. सरावाला आलेली पोरं फोन शेडच्या खिडकीत चार्जिंगला लावतात. एका संध्याकाळी बिरूच्या फोनवर पुण्याच्या एका मुलाचा निरोप आला. कुणीतरी वाचला. फोन उघडाच होता, त्यात दोघांचा एक फोटोही सापडला. खांद्याला खांदा लावून बसलेले, आणि खाली लिहिलेलं, तुझ्याशिवाय करमत नाही. त्या स्क्रीनचा फोटो कुणी काढला ते आजवर कळलेलं नाही. सकाळी नऊला तो मंडळाच्या ग्रुपवर होता आणि दहापर्यंत त्याखाली सत्तर निरोप पडले होते. मी शाळेला निघता निघता अण्णाचा फोन उघडला आणि वाचत गेले. जे लिहिलं होतं ते इथं लिहिण्याजोगं नाही. शेवटी मंडळाचा अध्यक्ष रावजी याचा आवाज होता. "संध्याकाळी साडेसहाला सगळ्यांनी यायचं. सराव न्हाय. वस्ताद त्याच्या बापाला फोन करतील. मंडळात असलं चालणार न्हाय."

मी घाबरले. आणि खरं सांगते, बिरूसाठी नाही. रविवारी अक्कलकोटची मंडळी अक्षताला बघायला येणार होती. मला आधी त्यांचे चेहरे दिसले, मग गिरणीच्या पत्र्यावर पडणारा दगड दिसला, मग माझ्या शाळेतल्या बाया कुजबुजताना दिसल्या. त्यानंतर बिरू आठवला. मी शाळेला सुट्टी कळवली आणि जिना चढले.

तो खाटेवर बसला होता. फोन उशीखाली दाबून ठेवलेला, आणि उशीखालून तो सारखा घुरघुरत होता. चेहरा असा झाला होता की दोन वर्षं रोज बघितलेलं पोर मला क्षणभर अनोळखी वाटलं.

"हे खरं आहे का?" मी विचारलं.

"व्हय, बाई."

त्यानं खोटं बोलायला हवं होतं, असं मला वाटलं. खोटं बोलला असता तर मीही मानलं असतं.

"कधीपासून?" हा काय प्रश्न झाला! ताप आलेल्या पोराला विचारतात तसा.

"कधीपास्नं म्हंजी? मी आसाच हाय, बाई." तो हळू बोलत होता, खाली कुणी ऐकेल म्हणून. "कोर्टानं सांगितलंय, गुन्हा न्हाय म्हणून. म्या वाचलंय सगळं. पर आमच्या वस्तीवर कोर्ट कुटं येतंय? आबा काय बोलणार न्हाय, गप बसंल. चुलता हाय, त्यो कुऱ्हाडच घील. आन आई... आईला वाटंल तिचंच कायतरी चुकलं. ती देवाला कोंबडं कबूल करत बसंल आन आतल्या आत झुरंल." मग त्यानं माझ्याकडं बघितलं. "बाई, वस्तादांस्नी सांगा की. काय बी शिक्षा द्या. मंडळ सोडतो. फोन तेवढा नगं."

उशीखाली फोन पुन्हा घुरघुरला. त्यानं उशी दाबून धरली.

मी म्हणाले, "बिरू, खोली सोड. आजच." आणि त्यावर आणखी, "माझी लेक आहे लग्नाची."

आज हे लिहिताना मला चांगुलपणाचा आव आणायचा नाही. जे बोलले ते बोलले. तो "बरं" म्हणाला, उठला आणि दोरीवरचे कपडे काढायला लागला. मी खाली आले. पंचवीस वर्षं मोठ्या आवाजात बोलणारी मी, जिन्यात माझा मलाच आवाज ऐकू आला नसता.

गिरणी बंद होती. ती कधी सकाळी बंद नसते. अण्णा पोत्यावर बसून होता, दारात कुणाचा तरी जोंधळ्याचा डबा तसाच पडलेला. रावजी साडेनऊलाच स्वतः येऊन सांगून गेला होता.

"कर फोन आणि मोकळा हो," मी म्हणाले. "नेऊ दे त्याला त्याच्या घरी. त्यांचं पोर, ते बघतील. आपण तरी सुटू. नाहीतरी नियम तुझाच आहे."

अण्णानं दारातला डबा उचलून आत ठेवला. मग म्हणाला, "दानम्मा, तुला शिवानंद आठवतो का?"

मला आठवेना. वीस वर्षं झालेली. दुधनीचा शिवानंद, एकोणीस वर्षांचा, बापाचा डाळीचा व्यापार. आमच्याच मंडळात होता. त्यानं दुसऱ्या एका मुलाला लिहिलेल्या चिठ्ठ्या कुणाच्या तरी हाती लागल्या. मंडळ जमलं. अण्णानं फोन केला.

"मी काय म्हणालो ठावं हाय?" अण्णा पीठ सांडलेल्या जमिनीकडं बघत बोलत होता. "म्हणालो, पोरगं बिघडलंय, घेऊन जावा. सगळ्यांच्या देखत म्हणालो. संध्याकाळी जीप आली. बापानं दंडाला धरून आत घातला. जाताना माझ्याकडं बघून म्हणाला, 'वस्ताद, तुमी तरी.' एवढंच. पुढचं बोलायच्या आत दार लावलं."

"मग?"

"वर्षानं मी दुधनीला गेलो. तुला न सांगता गेलो. तोवर लगीन लावलेलं त्याचं. डाळीच्या दुकानात गादीवर बसला होता. मी समोर उभारलो. त्यानं वर बघितलं, अन् नोकराला सांगितलं, 'गिऱ्हाइकाला काय पाहिजे बघ.' मला ओळखलं त्यानं, दानम्मा. ओळखूनच तसं म्हणाला. मी किलोभर तूरडाळ घेऊन परत आलो." अण्णानं तोंडावरनं हात फिरवला, सगळ्या तोंडाला पीठ लागलं. "तेव्हापासनं फोन वाजला की मला वाटतं, कुणीतरी कुणाचं तरी पोर न्यायला सांगतंय."

मी त्याच्या शेजारच्या पोत्यावर बसले. वीस वर्षं मी पाहुण्यांसमोर त्याची टर उडवत होते. त्यानं एकदाही सांगितलं नाही, आणि मी एकदाही विचारलं नाही. मला स्वतःची लाज वाटली, पण लाजेनं भीती गेली असं मात्र झालं नाही. दोन्ही एकदमच होत्या.

"मग आज काय करणार?"

"फोन करावाच लागणार. मी न्हाय केला तर रावजी करणार."

"आणि काय सांगणार?"

"काय की."

साडेसहाला आम्ही शेडपाशी गेलो. अण्णानं खालून हाक मारून बिरूला सोबत घेतलं होतं. बिरू त्याच्या मागे एक पाऊल अंतरावर चालत होता, आणि त्याच्या मागे मी. पोरं आधीच जमली होती. लेझमा एका कोपऱ्यात ढीग करून ठेवलेल्या. हलगीवाला तिप्पण्णा हलगी मांडीवर घेऊन बसलेला, पण बोटं स्थिर. शहाजी आपल्या चपलेकडं बघत उभा. कुणी हसत नव्हतं, शिवी देत नव्हतं. ग्रुपवर सत्तर निरोप टाकणारी हीच ती पोरं होती का, असं वाटावं इतकी शांतता. त्या शांततेचीच मला जास्त भीती वाटली.

रावजी काही वाईट माणूस नाही, हेही सांगायला हवं. कोरोनात त्यानं स्वतःच्या टेम्पोतून घरोघर किराणा पोचवला होता. वाळू-सिमेंटचं दुकान आहे, पस्तिशीचा. तो पुढं येऊन शांतपणे म्हणाला, "वस्ताद, नियम सगळ्यांना एकच. तुमीच शिकवलंय. माझ्या गुटख्याचा फोन तुमी ह्याच जागी उभारून माझ्या बापाला केला होता. मला काय कमी मार बसला? आता ह्याचा करा. अन् स्पीकरवर टाका."

 

अण्णानं चष्मा लावला. वही उघडली. आकडे दाबताना तो दोनदा चुकला. मी पुढं झाले तर म्हणाला, "असू दे." तिसऱ्यांदा लागला. बिरूनं डोळे मिटले होते. मला मेंढरांचा आवाज आला आणि कळलं, की पलीकडं फोन उचलला गेलाय.

"कोण?"

"जोतिरामबापू, मी सोलापूरहून गुरुशांत बोलतोय. मंडळाचा वस्ताद."

पलीकडं नुसती मेंढरं. मग एकदम, "काय केलं त्यानं? जित्ता हाय न्हवं?"

"हाय, हाय. ठणठणीत हाय. माझ्याम्होरंच उभा हाय."

"मग काय केलं? सांगा की. मी निगतो, आत्ता निगतो."

अण्णानं फोन दुसऱ्या हातात घेतला. शेडसमोर तीस-पस्तीस माणसं ऐकत उभी. मी मनात म्हणत होते, बोल अण्णा, काहीतरी बोल, आणि त्याच वेळी म्हणत होते, नको बोलू.

"काय न्हाय केलं त्यानं," अण्णा म्हणाला. "बापू, ऐका. मी दोन वर्षामागं तुमाला शब्द दिला होता. काय असलं तर पहिला फोन माजा येईल म्हणून. म्हणून फोन केलाय. सगळं मंडळ म्होरं उभं हाय, सगळे ऐकतायत. तुमच्या पोरासारखं पोर मला तीस वर्षांत मिळालं न्हाय. यंदा मिरवणुकीत त्यो पहिल्या ओळीत खेळणार. तुमी दोघं बघायला यायचं." अण्णा थांबला. त्याच्या कपाळावरून घाम डोळ्यात उतरला तरी त्यानं पुसला नाही. "आन आणखी एक. उद्या कुणी तुमाला फोन करून त्याच्याबद्दल काय बी सांगितलं, काय बी, तर आधी मला विचारायचं. माज्या तोंडचं नसंल तर ते खरं धरायचं न्हाय."

पलीकडचा मेंढरांचा आवाज लांब गेला, बाप चालत बाजूला आला असावा.

"वस्ताद," बाप म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "तुमचं नाव ऐकलं आन हातातलं कोकरू खाली पडलं माज्या. सगळं मनात यिऊन गेलं. आजपतूर त्याच्या कुटल्या मास्तरानं घरी बरं सांगाया फोन केला न्हाय." मग, "पोरगं हाय म्हणलासा. द्या त्याला."

अण्णानं फोन बिरूपुढं धरला. बिरूनं घेतला नाही, हातच वर येईना. अण्णानं तसाच त्याच्या तोंडाशी धरला.

"आबा."

"जेवलास का?"

"न्हाय अजून."

"मग जेव की. लोकांस्नी कशाला ताटकळत ठिवतूस." आणि फोन ठेवला.

कुणीतरी मागं हसलं, रडं आवरताना हसतात तसं. रावजी मात्र लाल झाला होता. "ही काय पद्धत झाली वस्ताद? नंबर मलाबी मिळंल."

"मिळंल की. लाव." अण्णानं वही मिटली. "पर तुझा फोन कोण खरा धरंल, रावजी? तुझ्या गुटख्याचं तुझ्या बापाला आधी दहा जणांनी सांगितलं होतं. त्यानं ऐकलं का कुणाचं? माजा फोन गेला तवाच ऐकलं. तीस वर्षं बापलोक माज्या फोनच्या भरवशावर पोरं सोडून झोपले. त्या फोननं मी एक पोर घालवलंय. दुसरं घालवणार न्हाय." मग सगळ्यांकडं वळून, "बिरू हितंच खेळणार. ज्याला त्याच्याबरोबर खेळायचं न्हाय त्यानं खुशाल जावं. त्याच्या घरी मी काय कळवणार न्हाय. आजपासनं कुणाच्याच घरी कळवणार न्हाय. आन ज्याला त्याच्यासारखंच कायतरी कुणाला सांगता येत न्हाय, त्यानं गिरणीवर यावं. दार उघडं असतंय."

पहिला गेला तो शहाजी. दोन वर्षं बिरूच्या समोर उभा राहिलेला शहाजी कोपऱ्यात जाऊन, आपली लेझीम वेगळी काढून, ती शेडच्या पायरीवर ठेवून बिरूकडं न बघता निघून गेला. मग दुसरा गेला, मग तिघं मिळून. प्रत्येक लेझीम पायरीवर टेकताना तिच्या चकत्या वाजत होत्या. तेरा मोजल्या मी. रावजी जाताना म्हणाला, "मंडळाची मिरवणूक निघते का ते बघतोच मी."

घरी आल्यावर बिरूनं वरून भरलेली बॅग जिन्याच्या पायथ्याशी आणून ठेवली. अण्णा बॅगेसमोर थांबला.

"ही कुणी भरायला सांगितली?"

 बिरूनं माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं.

"मी सांगितली," मी म्हणाले.

अण्णानं माझ्याकडं बघितलं. उभ्या जन्मात तो माझ्यावर चिडलेला नाही. तेव्हाही चिडला नाही. म्हणून तर मला रडू आलं.

"भ्याले रे," मी म्हणाले. "अक्षताचं मनात आलं आणि भ्याले. बिरू, मी चुकले."

"भ्यायला काय झालं," अण्णा म्हणाला. "मीबी भ्यालोय. उद्याबी भिणार. भ्यावं की माणसानं. पोर तेवढं बाहेर काढू नये." आणि बॅग स्वतः उचलून तो जिना चढायला लागला. त्याला जिन्याची भीती वाटते. मी खालून बघत होते, एका हातानं कठडा घट्ट धरून तो एकेक पायरी वर गेला.

त्या दिवसापासून आम्ही सगळेच भितो. मोटारसायकल गिरणीसमोर हळू झाली की मी खिडकीपाशी जाते. अनोळखी नंबर आला की बिरूच्या ओठांचा रंग जातो. अण्णानं त्याला सांगून ठेवलंय, कॉलेजहून येताना एकट्यानं बोळातनं यायचं नाही. अक्कलकोटच्या मंडळींनी रविवारचं येणं पुढं ढकललं. कारण सांगितलं नाही. मी अक्षतासमोर जाऊन अपराध्यासारखी उभी राहिले, तर ती म्हणाली, "बघू दे की त्यांना नंतर. मीबी बघेन मग, यायचं का न्हाय ते." या पोरीनं धिटाई कुणाची उचलली ते सांगता येत नाही. माझी नक्कीच नाही.

पण हे सगळं नंतरचं. दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ सांगायची राहिली. साडेसहाला अण्णा शिट्टी गळ्यात घालून शेडपाशी जाऊन उभा राहिला. बिरू बाजूला. मी शाळेतून थेट तिथंच गेले. येतंय कोण, हे बघायचं धाडस होत नव्हतं आणि घरी बसवतही नव्हतं. तिप्पण्णा हलगी शेकत आला. मग एकेक करून पोरं आली, काही लांबून फेऱ्या मारून, अंदाज घेऊन. बिरू धरून एकोणीस. अण्णानं मोडलेल्या जोड्या पुन्हा जुळवल्या, नऊ झाल्या. बिरू एकटा उरला.

त्याच्या समोरची जागा रिकामी. अण्णाला तिथं उभं राहता येईना, शिट्टी आणि सगळ्यांच्या पायांवरची नजर त्याची. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. बिरू लेझीम खाली ठेवायला वाकला.

मी पर्स पायरीवर ठेवली. पदर खोचला. शहाजीनं ठेवलेली लेझीम उचलली. शाळेत असताना अण्णानंच मला शिकवली होती, त्याला पस्तीस-चाळीस वर्षं झाली, आणि आता माझा डावा गुडघा पायरी चढतानासुद्धा बोलतो. मी बिरूसमोर जाऊन उभी राहिले.  अण्णा म्हणाला, "बाई, पाय हायत का फावडी? जवळ घ्या." आणि पोरं हसली.

त्याच वेळी माझ्या मागे, गल्लीच्या तोंडाशी, मोटारसायकली येऊन थांबल्या. तीन की चार. इंजिनं बंद केली नव्हती. रावजीचा आवाज मी ओळखला. माझी पाठ त्यांच्याकडं होती आणि त्या पाठीत मला आत्ताच काहीतरी येऊन लागणार असं वाटत होतं. हाताला घाम सुटला, लेझमीची मूठ निसटायला लागली. शिट्टी वाजली, हलगी सुरू झाली, लेझमीचा पहिला डाव, चार आवाज. पहिल्याच फेरीला मी मान वळवली आणि ठेका चुकले.

"बाई," बिरू म्हणाला. त्याला समोरून ते सगळे दिसत होते. त्याचा आवाज कापत होता, पण लेझीम थांबली नव्हती. "माज्याकडं बघा. मागं नगा बघू."